तांतीला कापूस लागेपर्यंत

नईमाचं माहेर हिवरखेडचं आणि सासर अचलपूरचं, पण दोन्ही घरांत धंदा एकच, पिंजाऱ्याचा. त्यामुळे एकोणिसाव्या वर्षी ती लग्न होऊन आली तेव्हा गाव नवं होतं, घर मात्र ओळखीचंच वाटलं. छपरीत तशीच टांगलेली पिंजण, कोपऱ्यात गुडघाभर कापूस आणि उन्हाच्या तिरिपीत तरंगणारी तीच पांढरी भुरी. ही भुरी पापण्यांवर बसली की समोरचं जग जरा लांब सरकल्यासारखं दिसतं. नईमाला ते लहानपणापासून आवडायचं.

फरक एकच होता. माहेरी ती बापाच्या शेजारी उभी राहून पिंजण चालवायची. पाच बहिणी, भाऊ नाही. बापाने पोरगी-पोरगा असा विचारच कधी केला नाही. सासरी वाटणी ठरलेली होती. पिंजण पुरुषांची, सुई बायकांची. सासूने पहिल्याच आठवड्यात लांब सुई आणि जाड दोरा हातात दिला, आणि नईमाने तीस वर्षं गाद्यांना टाके घातले.

पिंजण म्हणजे माणसाच्या उंचीची लाकडी कमान. तिला आतड्याची तांत ताणून बांधलेली असते. कमान छताला टांगायची, तांत कापसात बुडवायची आणि लाकडी मोगरीने तांतीवर ठोका मारायचा. तांत थरथरली की कापूस सुटा होऊन उडतो, फुलतो. आवाज दोन भागांचा. आधी टणत्कार, आणि लगेच कापूस तो आवाज पोटात घेतो, तेव्हा मागे राहतो एक मऊ, खोल गेलेला हुंकार. टण् हूंऽऽ, टण् हूंऽऽ. हंगामात दिवसभर हेच.

मुजम्मिल जन्मला तो असाच हंगामात, रजया भरायला लोकांची रांग लागलेली असताना. चाळीस दिवस झाल्यावर नईमा त्याला शेजारी ठेवून टाके घालायला बसली, आणि पोर त्या ठोक्यांवर जे झोपायला शिकलं ते शिकलंच. शुक्रवारी काम बंद असायचं. त्या दिवशी तो दुपारभर रडायचा. शेवटी उस्मान, त्याचा बाप, नमाजेहून आल्या आल्या टोपीसकट छपरीत शिरायचा आणि मूठभर कापसावर पाच-सहा ठोके मारायचा. पोराची मान लगेच कलंडायची. “माह्यं काम अन् त्याचा आराम,” उस्मान म्हणायचा, पण ते सांगताना त्याच्या चेहऱ्यावर जी खुशी असायची ती लपत नसे.

आता मुजम्मिल सव्वीस वर्षांचा होता आणि त्याला झोप येत नव्हती.

बोंडअळीचं ते साल. परतवाड्यापासून तेल्हाऱ्यापर्यंत घराघरांत डागी, पिवळट कवडी कापूस येऊन पडला होता. पिंजाऱ्यांचं काम मात्र त्याच्या आधीच गेलं होतं. लोक फोमची गादी सुरळी करून मोटरसायकलवर घालून आणत. उस्मान काही वर्षं परतवाड्याला पिंजायच्या मशीनवर जात होता. मग खोकला लागला, डॉक्टरांनी कापसाची भुरी बंद केली, आणि तो आठवडी बाजारात उशांचे अभ्रे विकू लागला. मुजम्मिल भिवंडीला एका मोठ्या गोदामात लागला. खोकी उचलून तीन मजले वर मांडणीवर ठेवणारी गाडी तो चालवायचा. पाळी रात्रीची. सकाळी येऊन दहाला आडवं व्हायचं, टिनाच्या खोलीत, सहा जणांत, भिंतीपलीकडे लोखंड कापायचा कारखाना.

रोज दुपारी एकला त्याचा फोन यायचा. “नाई लागली, अम्मी.” एवढंच. मग ती जेवलास का विचारायची, तो हो म्हणायचा.

मार्चच्या सुरुवातीला एका दुपारी त्याने आणखी एक सांगितलं. गाडी चालवता चालवता डोळा लागला होता. गाडीचे दोन्ही लोखंडी दात मांडणीत घुसले आणि साबणाच्या पावडरची चाळीस खोकी खाली आली. खाली कोणी नव्हतं. साहेब म्हणाला, पुन्हा झालं तर घरी जा.

घरी जा याचं नईमाला काही वाटलं नाही. येऊ दे की घरी. तिच्या डोक्यात दुसरेच तीन शब्द राहिले, खाली कोणी नव्हतं. भाकरी थापताना, अभ्रे मोजताना, ते तीन शब्द तिच्या मागे मागे फिरत राहिले.

तुबा ही उस्मानच्या धाकट्या भावाची पोरगी. अमरावतीला बीएस्सी करत होती आणि रविवारी एसटीने घरी यायची. त्या रविवारी ती नईमाजवळ बसली होती. शेजारच्या पार्बताबाईही सुपात तुरी घेऊन निवडायला आल्या होत्या. पार्बताबाईंची अडीच एकर काळी जमीन, एक गाय, आणि नईमाच्या घरात विचारल्याशिवाय शिरायचा पंचवीस वर्षांचा हक्क.

“बडी अम्मी, आजकाल लोक आवाज ऐकून झोपतात,” तुबा म्हणाली आणि फोन पुढे केला.

तिने एकेक दाखवायला सुरुवात केली. पंख्याचा आवाज, आठ तास. रेल्वेच्या डब्याचा, दहा तास. एक गोरी बाई टॉवेलांच्या घड्या घालत कुजबुजत होती. एक माणूस काही न बोलता साबणाची वडी सुरीने बारीक कापत होता, आणि ते पाहायला बारा लाख माणसं येऊन गेली होती. एकजण कॅमेऱ्याच्या दोन्ही बाजूंना कात्री वाजवत होता, म्हणजे पाहणाऱ्याला आपलेच केस कापले जाताहेत असं वाटावं. एक गाय तीन तास कडबा खात होती.

“हे पाहून लोक झोपतात?” पार्बताबाईंनी तुरीतून हात काढला. “माही गाय तं दहा वर्सं झाले फुकटच खाऊन राहिली!”

“तुमची गाय घोरते, काकू.”

“मंग? घोरली का अजून लवकर झोप लागन.”

तुबा हसून आडवी झाली. नईमा त्या गाईकडे पाहत होती. कुठल्या तरी थंड देशातली गाय, तोंडातून वाफ निघणारी, आणि कुठे कुठे पसरलेल्या अंधाऱ्या खोल्यांत तिचं रवंथ ऐकत डोळे मिटून पडलेली माणसं. एवढ्या सगळ्यांच्या आया कुठे असतील, असं तिच्या मनात आलं. मग ती म्हणाली, “तुबा, पिंजणीचा आवाज भरता येते काय ह्याच्यात?”

उस्मानने दोन वर्षांनी पिंजण पुसली. जाळी काढली, तांत ताणली, बोटाने छेडून पाहिली. घरात पिंजायला कापूस नव्हताच. आणायला जाऊ का, असं तो म्हणाला तेव्हा नईमानेच अडवलं.

“कायले? भुरी फोनात गेली तं? पोरीचा नवा फोन हाय. अन् तुमचा खोकला.”

“रिकाम्या तांतीवर मारू?” उस्मान थबकला.

“ऐकाचंच तं हाय. पाहाचं थोडी हाय.”

उस्मान चाळीस मिनिटं रिकाम्या तांतीवर ठोके मारत राहिला. सोळाव्या मिनिटाला दारातून पार्बताबाईंचं डोकं आत आलं. “वो नईमा, इरजण हाय काय थोडकं?” तुबाने दोन्ही हात हलवले, पार्बताबाई जीभ चावून मागे सरल्या, पण विरजणाचं ते वाक्य फोनात जाऊन बसलं ते बसलंच. पुन्हा चाळीस मिनिटं मारायची उस्मानच्या खांद्यात ताकद नव्हती.

एवढा मोठा व्हिडिओ व्हॉट्सॲपवरून जाईना. म्हणून तुबाने तो यूट्यूबवर चढवला आणि त्याचा पत्ता, म्हणजे लिंक, मुजम्मिलला पाठवला. पत्त्याबरोबर दरवाजाही सगळ्यांना उघडा राहिला, हे त्या दिवशी कोणाच्या लक्षात आलं नाही.

पुढच्या रविवारी तुबा एसटीतून उतरून धावतच आली. “बडी अम्मी! बासष्ट हजार!”

“काय बासष्ट हजार?”

“माणसं! बडे अब्बांची पिंजण ऐकून गेले!”

सगळे फोनभोवती गोळा झाले. तुबा परक्या भाषांतले निरोप फोनकडूनच मराठीत करून वाचत होती. ब्राझीलच्या एका बाईने लिहिलं होतं की तिला दोन वर्षांनी सलग झोप लागली. पोलंडचा एक ट्रकवाला ट्रक थांबवून ऐकत होता. कोणी विचारलं, हे कोणतं वाद्य? दुसऱ्याने ठामपणे कळवलं की ही देवळात साधू लोक वाजवतात ती प्राचीन वीणा. उस्मानने डोक्यावरची टोपी नीट केली.

मग तुबाचा आवाज बदलला. “काकू, तुमच्याबद्दलही आहे.”

सोळाव्या मिनिटाला बाई काय म्हणते, असं कोणी विचारलं होतं. उत्तर देणाऱ्याने लिहिलं होतं की तो गाढ झोपेचा आशीर्वाद आहे. त्याच्याखाली दोनशे लाल बदाम. एका म्हाताऱ्या माणसाने लिहिलं होतं की तो रोज दिवा मालवण्याआधी ते शब्द मोठ्याने म्हणतो.

पार्बताबाई फोनवर वाकल्या. “म्हंजे माह्या इरजणानं लोक झोपून राहिले?”

“हो काकू.”

“अन् ह्या बाईनं त्या दिवशी मले इरजण देल्लंच नाई!”

सगळं घर हसलं. नईमाही हसली. पण हसता हसता तिला घड्याळ दिसलं. एकाला पाच कमी होते. बासष्ट हजार माणसांपैकी तिला एकाचीच झोप हवी होती, आणि त्या एकाचा फोन बरोबर एक वाजता वाजला.

आठवडाभर तो म्हणत होता, “मस्त हाय अम्मी, अब्बाले सांग.” आज तिने फोन घेऊन परसात नेला, भिंतीला टेकली आणि विचारलं, “मस्त हाय तं एक वाजता रोज फोन कसा येऊन राहिला तुहा?”

पलीकडे लोखंड कापल्याचा आवाज येत राहिला.

“सांग ना बापू.”

“अम्मी, अब्बाले नको सांगू.” तो हळू बोलत होता. “अब्बा रिकाम्या तांतीवर मारून राहिले. कापूसच नाई खाली. मी डोळे मिटतो, ठोका येतो, अन् मी वाट पाहतो, आता कापूस लागन, आता लागन. लागतच नाई. वाट पाहता पाहता होती ती झोपबी उडून जाते.”

नईमा भिंतीला टेकून तशीच उभी राहिली. जगातल्या एवढ्या माणसांना जे कळलं नव्हतं ते या पोराच्या कानाला पहिल्या ठोक्यात कळलं होतं. पिंजाऱ्याचं पोर. आणि कापूस नको म्हणणारी ती स्वतः, पिंजाऱ्याची पोरगी, पिंजाऱ्याची बायको.

आत येऊन तिने बिछान्यावरची चादर ओढून काढली. खालची गादी तिच्या लग्नातली, बापाने हिवरखेडला स्वतः पिंजून भरलेली. लोकांच्या गाद्या दर चार-पाच वर्षांनी उसवल्या, पिंजल्या, पुन्हा भरल्या. घरची मात्र तीस वर्षांत उसवायला वेळ झाला नव्हता. कापूस बसून बसून तिच्यात खड्डे पडले होते. कोणता खड्डा कोणाचा हे नईमा डोळे मिटून सांगू शकायची. भिंतीकडचा छोटा मुजम्मिलचा.

“काय करून राहिली वो?” उस्मानने विचारलं.

“उसवून राहिली.”

“अन् पिंजन कोण? मले तं भुरी बंद हाय.”

नईमाने कात्रीने पहिला टाका कापला. “मी.”

उस्मानने तिच्याकडे पाहिलं. तीस वर्षांत त्याने तिला मोगरी धरलेलं पाहिलं नव्हतं. मग त्याने पिंजणीची दोरी सोडून कमान थोडी खाली घेतली, तिच्या उंचीला.

गादीतून घट्ट, करडे पडलेले गठ्ठे निघाले. एका गठ्ठ्यातून पितळी अंगुस्तान निघालं, सुई टोचू नये म्हणून बोटात घालायचं. लग्नाच्या घाईत ते हरवलं होतं आणि पाची बहिणींनी एकमेकींवर आळ घेतला होता. नईमाने ते पदराला पुसून कोनाड्यात ठेवलं आणि कामाला लागली.

या वेळी दार-खिडकी लावून घेतली. तुबाने फोन ओढणीच्या एका पदरात गुंडाळून कोनाड्यात ठेवला. उस्मान बाहेर गल्लीत, खिडकीच्या फटीला तोंड लावून बसला. पार्बताबाईंना त्यांच्याच ओट्यावर बसवलं होतं, आणि चाळीस मिनिटं कोणाकडे काही मागायचं नाही असं कबूल करून घेतलं होतं.

पहिले ठोके वेडेवाकडे पडले. तांत कापसात अडकली. मनगट दुखलं.

“तांतीले नको मारू,” खिडकीतून उस्मान कुजबुजला. “कापसाले मार. तांत मधात आली समज.”

“रेकॉर्डिंग चालू हाय, बडे अब्बा!” तुबाही कुजबुजली.

मग कधी तरी हात आठवायला लागला. टण्, आणि कापसाने आवाज आत ओढला, हूंऽऽ. टण् हूंऽऽ. तीस वर्षांचे गठ्ठे सुटायला लागले. आधी धागे, मग पिसं, मग ढग. भुरी छतापर्यंत गेली आणि कवेलूंच्या फटीतून आलेल्या उन्हात हळूहळू फिरायला लागली. पापण्या जड झाल्या. जग लांब सरकलं. नईमाला छपरीची पलीकडची भिंत दिसेना. तिथे हिवरखेडचं अंगण होतं, अंगणाच्या मागे सातपुडा निळा, आणि बाप म्हणत होता, घाई नको बेटी, कापूस जागा होऊ दे. तिच्या पायाशी कापसात कोणीतरी लहान निजलं होतं, श्वासागणिक थोडा कापूस हलत होता. आपण इथे किती वेळ आहोत आणि किती वर्षांच्या आहोत हे तिला सांगता आलं नसतं. ठोका मारायचा, कापूस लागू द्यायचा, एवढंच जगात शिल्लक होतं.

“बडी अम्मी. बडी अम्मी, बस. पन्नास मिनिटं झाली.”

तुबाच्या भुवया, केस, सगळं पांढरं झालं होतं. बाहेर उस्मान खिडकीखाली, भिंतीला डोकं टेकून, तोंड उघडं ठेवून गाढ झोपला होता.

“हा टाकू सगळ्यांसाठी?” तुबाने विचारलं. “लोक वाट पाहून राहिले दुसऱ्याची.”

“नको. त्याले एकट्याले दिसन असा टाक.”

सोमवारी सकाळी अमरावतीची एसटी धरण्याआधी तुबाने तसा टाकला, ज्याच्याकडे पत्ता असेल त्यालाच उघडेल असा. व्हिडिओखालचा आकडा कसा पाहायचा हेही नईमाला शिकवलं. “आता शून्य आहे. दादाने लावला की एक होईल. तू मात्र लावू नको, नाही तर तुझाच एक होईल.”

नईमा दहापासून फोन मांडीवर घेऊन बसली. दहा वीसला शून्याचा एक झाला.

तिने फोन उशीवर ठेवला, जणू त्यालाच झोपवायचं होतं. गादी नव्हतीच, फुललेला कापूस छपरीत तसाच पडला होता, आधीच्या दुप्पट दिसत होता. तिने खोळीत कापूस भरायला घेतला. अकरा वाजले. बारा वाजले. एकाच्या आत उस्मान बाजारातून उगाच लवकर आला आणि पाणी पीत उभा राहिला.

एक वाजला. फोन वाजला नाही.

सव्वा. दीड. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही. अडीचला पार्बताबाई आल्या, दाराशीच थांबल्या.

“नाई आला?”

नईमाने मान हलवली.

“मंग करून पाय ना तूच.”

“झोपला असन तं उठन ना वो माय.”

“अन् झोपला नसन तं?”

खाली कोणी नव्हतं, ते तीन शब्द पुन्हा उठून तिच्यामागे उभे राहिले. दहा वीसला लावला आणि मग काय झालं? गोदामातून मधेच बोलावलं असेल? तिने फोन हातात घेतला. बोट त्याच्या नावावर गेलं. नाव दाबायचं की नाही, एवढीच गोष्ट होती. वाजला आणि तो जागा झाला, तर या महिन्यातली पहिली झोप आईनेच मोडली. तिने फोन पालथा ठेवला, सुईत दोरा ओवला आणि गादीला पहिला टाका घातला. पार्बताबाई समोर बसल्या आणि त्यांनी कापड ताणून धरलं. उस्मान कोपऱ्यात तोंडाला रुमाल बांधून बसला. सुई खाली जायची, वर यायची. उन्हाची तिरीप भिंतीवरून चढत चढत कवेलूंपर्यंत गेली.

पावणेपाचला फोन वाजला. नईमाच्या हातात सुई होती, उस्माननेच उचलून तिच्या कानाला लावला.

“अम्मी…” आवाज जाड होता, कुठून तरी खोलातून येत होता, लहानपणी उठवल्यावर यायचा तसा. “किती वाजले वो?”

नईमाच्या आधी उस्मान मोठ्याने म्हणाला, “पाच वाजाले आले!”

“पाच?” पलीकडे धडपड ऐकू आली. “अब्बा, खोलीतले साहीच जण झोपले! मी आवाज मोठा ठेवला होता. आज भाताची पाळी शालिकरामची होती, तोबी झोपला. भात पुरा करपला, धूर हाय सगळीकडे.” आणि तो हसायला लागला.

उस्मानही हसला. पार्बताबाईंनी दोन्ही हात जोडून कपाळाला लावले. नईमाने डोळे पुसले, फोन नीट कानाशी धरला आणि तिच्या कपाळावर पुन्हा आठी आली.

“करपला? मंग सकाळपासून खाल्लं काय तू?”